परवाना दिला तर रक्तपात थांबेल?

अमली पदार्थ आणि कायदा या विषयावर या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. व्यसनमुक्तीचं काम करणारे डॉक्टर आणि अमली पदार्थांचे खटले चालवणारे वकील यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

‘अमली पदार्थ सरकारमान्य दुकानात मिळू लागले तर तस्करांचा धंदा बसेल, मारामाऱ्या थांबतील, असं आमच्या कट्ट्यावर नेहमी म्हटलं जातं. हे कितपत खरं?’ (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

गुरुजी, निम्मं खरं आहे. चोरट्या धंद्यात उधारी बुडाली तर दावा लावता येत नाही, माल पळवला तर तक्रार करता येत नाही. मग वसुली चाकूने होते आणि गल्लीची हद्द पिस्तुलाने ठरते. ही झाली धंद्याची हिंसा. धंदा उजेडात आला की तिचं कारणच जातं. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठल्यावर दारूच्या ट्रकसाठी माणसं मारायची गरज उरली नाही.

दुसरी हिंसा नशेची. ती घरात होते आणि तिला परवान्याने फरक पडत नाही. दारू कायदेशीरच आहे ना? 2019 साली आलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार 10 ते 75 वयोगटातले 14.6 टक्के लोक दारू पितात, तर अफू-हेरॉइनच्या जातीचे पदार्थ घेणारे 2.1 टक्के. परवाना, रोषणाई आणि सहज मिळणं याने गिऱ्हाईक वाढतं. म्हणून तर महाराष्ट्रातल्या बायकांना ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान मागावं लागलं. त्यात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होतं. म्हणजे मतदानाला न आलेली बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

तिसरी गोष्ट कट्ट्यावर बहुधा कोणी बोलत नाही. 2015 साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तेव्हा मुंबईत दारूची परवानाधारक दुकानं उघडीच होती. दुकानातली दारू परवडत नव्हती म्हणून लोक गुत्त्यावर जात होते. गुत्त्यावरच्या दारूत विष होतं ते मिथेनॉलचं. ते कारखान्यात लागतं, स्वस्त असतं, आणि चवीला-वासाला साध्या दारूसारखंच लागतं. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. ते आधी डोळ्यांची नस मारतं आणि मग जीव घेतं. परवान्याचा खरा फायदा म्हणजे बाटलीत काय आहे ते कळणं. पण कर चढवून किंमत गरिबाच्या हाताबाहेर नेली की चोरबाजार पुन्हा उभा राहतो.

उलट बाजूही बघा. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, फेब्रुवारी 2015 पर्यंत आपल्या अमली पदार्थांच्या यादीतच नव्हतं. त्यावर बंदी नव्हती आणि नियमही नव्हता. त्याच काळात ते मुंबईत पसरलं. नुसती मोकळीक म्हणजे परवाना नव्हे.

‘पोर्तुगालने 2001 मध्ये सगळे ड्रग्ज कायदेशीर केले आणि प्रश्न सुटला असं एका व्याख्यानात ऐकलं. मग आपण का करत नाही?’ (समाजकार्याची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

कायदेशीर केले नाहीत. तिथे विक्री आजही गुन्हा आहे. 1 जुलै 2001 पासून स्वतःच्या वापरासाठी 10 दिवस पुरेल इतका माल जवळ असणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, एवढाच बदल झाला. मापं ठरलेली आहेत: हेरॉइन 1 ग्रॅम, कोकेन 2 ग्रॅम, चरस 5 ग्रॅम, गांजा 25 ग्रॅम. पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला 72 तासांत तीन जणांच्या समितीपुढे पाठवतात. समितीत कायद्याचा एक जाणकार असतो, बाकीचे आरोग्य आणि समाजकार्यातले. ती पहिल्यांदा हेच विचारते, की हा कधीमधी घेणारा आहे की अडकलेला? पहिल्यांदाच सापडलेल्या आणि अडकलेला नसलेल्या माणसाचं प्रकरण तहकूब ठेवतात. अडकलेल्याला उपचाराकडे वळवतात, आणि उपचार त्याच वेळी तयार असतात: मेथाडोन (हेरॉइनऐवजी देखरेखीखाली द्यायचं औषध), स्वच्छ सुया, समुपदेशक. सुईतून होणारी एचआयव्हीची लागण त्यामुळे झपाट्याने उतरली.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने फेब्रुवारी 2021 मध्ये याची अर्धीच नक्कल केली. पकडलं तर 100 डॉलर दंडाची पावती, आणि हेल्पलाइनला फोन केला की तोही माफ. फोन फार थोड्यांनी केला. उपचारांचा पैसा उशिरा पोचला, आणि नेमकं तेव्हाच फेंटानिल, हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल असा कृत्रिम पदार्थ, बाजारात शिरलं. 1 सप्टेंबर 2024 पासून तिथे माल बाळगणं पुन्हा गुन्हा झाला. पोर्तुगालमध्ये माणसासमोर माणूस बसतो, ओरेगॉनमध्ये हातात कागद पडला. आपण नक्कल करायचीच तर आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात खाटा आणि औषधं हवीत, शिक्षा त्यानंतर काढा.

‘माझ्या बहिणीच्या मुलाकडे 3 ग्रॅम एमडी सापडली. सगळे म्हणतात, थोडीच होती, लगेच सुटेल. खरं का?’ (एक मावशी, नाशिक)

मावशी, 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (एनडीपीएस) हिशेबात ही थोडी नाही. एमडीची स्मॉल क्वांटिटी (कमी मात्रा) 2 ग्रॅमपर्यंत आणि कमर्शियल (व्यापारी मात्रा) 50 ग्रॅमच्या वर. दोनच्या आत असेल तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोनच्या वर गेली की ती 10 वर्षांपर्यंत जाते आणि दंड एक लाखापर्यंत. जामिनाच्या कलम 37 मधल्या कडक अटी मात्र कमर्शियल मालाला आहेत, त्या याला लागत नाहीत.

वकिलांना पंचनामा ओळ न ओळ वाचायला सांगा. वजन पिशवीसकट केलं की पिशवी सोडून? झिपलॉकची एक छोटी पुडी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. माल चार पुड्यांत असेल तर नुसतं प्लॅस्टिकच दोन ग्रॅमचं. भेसळीचं वजन मात्र वजा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे की मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, त्यात खरी एमडी कितीही असो. अंगझडती घेतली असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क त्याला सांगितला होता का, हेही पाहा (कलम 50). बॅगेच्या झडतीला ते कलम लागत नाही.

सीए रिपोर्टमध्ये (सरकारी प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणीच्या अहवालात) निव्वळ वजन दोनच्या आत निघालं, तर कलम 64अ ची वाट उघडते. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. म्हणून दाखल्याची तारीख, फाईल, प्रत्येक भेटीची नोंद जपून ठेवा.

एका ग्रॅमच्या फरकाने एका वर्षाचे दहा होणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. विकणारा आणि अडकलेला यांतला फरक वजनकाट्याला कळत नाही. कायद्यात बदल करायचा असेल तर सुरुवात इथून व्हावी.

‘मुलगा जर्मनीत शिकतो. तिथे गांजा आता चालतो म्हणे. मग काळजीचं कारण नाही ना?’ (पुणे)

आहे. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना बाहेर 25 ग्रॅम बाळगता येतो आणि घरी तीन झाडं लावता येतात, पण दुकानातली विक्री नाही. आपला 1985 चा कायदा मात्र परदेशातल्या भारतीय नागरिकालाही लागू होतो. आणि येताना बॅगेत चिमूटभर जरी राहिला तरी विमानतळावर तो आयातीचा गुन्हा ठरतो.

‘घरच्यांनी खोलीत कोंडून चार दिवसांत व्यसन सोडवलं तर?’ (जालना)

दारू असेल तर अजिबात नको. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. हे दवाखान्यातच करायचं. हेरॉइन तोडताना हाल फार होतात, जीव सहसा जात नाही. धोका नंतर असतो: कोंडून किंवा तुरुंगात राहून आलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. त्याने जुन्याच मापाने घेतलं की श्वास थांबतो. ओठ निळे, घोरल्यासारखा श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर 108 ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. श्वास थांबलाच तर उताणा करून तोंडाने श्वास द्या. काय घेतलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे नालोक्सोनचं, हेरॉइनसारख्या नशेवरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन वेळेत देता येईल. केंद्राचा पत्ता हवा असेल तर 14446 वर विचारा, फोन मोफत आहे.