अमृतराव पेशवे फितूर होते का? त्यांचं पुढे काय झालं?

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांशी करार झाला, सालीना सात लाखांचा तनखा ठरला. मग बुंदेलखंडात कर्वीला जहागीर आणि काशीत वास्तव्य. काशीचा राजाघाट त्यांचाच. १८२४ मध्ये वारले.

पण ‘फितूर’ वाचलं आणि राहवेना. अमृतराव राघोबादादांचे दत्तक चिरंजीव, आणि मी स्वतः दत्तक आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याची बिल्डरशी बोलणी चालू होती, हिश्शांवरून सगळे जमले होते. मी विकायच्या बाजूनं बोललो तसे काका सगळ्यांदेखत म्हणाले, “मांडीवर घेतलेल्याला वास्तूची माया कुठून असणार? अमृतराव बघ. राघोबादादांनी दत्तक घेतला, आणि हा इंग्रजांचा पैसा घेऊन काशीला जाऊन बसला.” जिना पडायला आला होता, वरच्या मजल्यावर पावसाळ्यात बादल्या लावाव्या लागत होत्या, ती सगळी बोलणी बाजूला राहिली. मी एवढंच विचारलं, “काका, पुणं सोडून पळालं कोण?” आई मध्ये पडली आणि विषय तिथेच थांबला. तो आज पुरा करतो.

२५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. पेशवे दुसरे बाजीराव, राघोबादादांचे पोटचे चिरंजीव, सिंहगडाकडे निघाले आणि कोकणातून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ३१ डिसेंबरला त्यांनी वसईचा तह केला. इंग्रजांची फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी मुलूख लिहून दिला. तेव्हा पुण्याचा कारभार बघत होते अमृतराव. होळकरांनी त्यांना जुन्नरहून आणलं होतं, त्यांच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसवायचा बेत होता. एप्रिल १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली फौजेसह पुण्यात आला आणि तो बेत संपला. त्यानंतर अमृतरावांनी तनखा घेतला. आधी राज्य कोणी गहाण टाकलं ते तारखाच सांगतात.

आणि सात लाखांची लाज काढायची तर १८१८ मध्ये बाजीराव सालीना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेले, त्याचं काय? १८५७ ला त्याच ब्रह्मावर्तातून उठाव केला तो नानासाहेबांनी, आणि तेही दत्तकच. कर्वीत विनायकरावांच्या वारसांनाही उठावाची झळ लागली. इंग्रजांच्या जनरल व्हिटलॉकनं १८५८ मध्ये कर्वीचा खजिना नेला, आणि त्या लुटीच्या वाटणीवरून इंग्रज सेनापतींमध्येच लंडनला खटला चालला.

एक मात्र मान्य करायला हवं. होळकर आणि अमृतरावांच्या त्या महिन्यांत पुण्यातल्या सावकारांकडून, सधन लोकांकडून जबरदस्तीनं पैसा वसूल झाला, हाल झाले. त्याबद्दल अमृतरावांना हवं ते बोला, मी आड येणार नाही. फक्त त्यात त्यांचं दत्तकपण आणू नका, आमच्या काकांनी आणलं तसं.