बाबांना आधी गाडी घेऊन पाठव

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

सायकलचा फोटो पाहिला. देखणी आहे, किंमतही तशीच आहे. मला विचारशील तर आत्ता घेऊ नकोस.

बाबा मेच्या एकतीस तारखेला निवृत्त होणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पडवीत रिबीन बांधलेली सायकल दिसणार, असा तुझा बेत. हेतू चांगलाच आहे. पण तुझ्या पत्रात शुगर, वजन आणि ‘डॉक्टर म्हणाले’ हे इतक्या वेळा आलंय की रिबिनीच्या जागी त्यांना औषधाची चिठ्ठीच दिसेल. उभा जन्म बँकेत काढलेला, शाखेच्या किल्ल्या सांभाळलेला माणूस तो. निवृत्तीच्या पहिल्याच सकाळी घरच्यांनी आपल्याला पेशंट ठरवलं, असं त्यांना वाटलं तर ते तोंडाने छान म्हणतील आणि सायकल पडवीतच राहील. फोंड्यात भेट मिळालेल्या अशा सायकली बऱ्याच घरांत आहेत. एकीवर पावसाळ्यात कपडे वाळत घालतात, आणि सोय चांगली होते म्हणून घरची मंडळी खूश आहेत.

मला बाबा हवे आहेत, पण सध्या त्यांची गाडी घेऊन.

आम्हा निवृत्त मंडळींच्या रविवारच्या सायकलफेरीमागे एक गाडी लागते. पंक्चरचं सामान, पंप, जादा ट्यूब, पाण्याचे कॅन, प्रथमोपचाराची पेटी आणि चहाचा थर्मास एवढं तिच्यात असतं. कुणाचा गुडघा कुरकुरला तर तो आणि त्याची सायकलही त्यातच येते. ती गाडी चालवणारे गृहस्थ एके काळी आमच्यात सगळ्यांच्या पुढे असायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांनी स्टेअरिंग धरलं, आणि थोड्याच दिवसांत कुठे थांबायचं, कोण पाणी प्यायलेलं नाही, कुणाला आता चढावर सोडायचं नाही, हे सगळं तेच ठरवू लागले. आता ते मुलाकडे बंगळुरूला गेलेत आणि आमच्या मागे कुणी नाही. बाबांना ‘व्यायामाला या’ म्हटलं तर उद्या-परवा करतील. ‘तुम्ही आलात तरच आमची दिवाडी बेटाची फेरी होईल’ म्हटलं तर शनिवारी रात्रीच टाकी भरून ठेवतील. ही फसवणूक समजू नकोस. गाडीवाचून आमचं खरंच अडलंय.

आमचा दिवस कसा जातो तेही ऐक, म्हणजे बाबांना कुठे धाडतेस ते कळेल. पावणेसहाला फर्मागुडीला जमायचं. कुणी शिक्षक होता, कुणी सार्वजनिक बांधकाम खात्यात, मी वीज खात्यातला. तिथून म्हार्दोळ, मंगेशी, कधी हुरूप असला तर बाणस्तारीच्या पुलापर्यंत. म्हार्दोळच्या अलीकडे पदेर, म्हणजे पाववाला, भेटतो. काळी बिनगिअरची सायकल, मागे प्लास्टिकने झाकलेली पावांची भली मोठी टोपली, हँडलवर रबरी भोंगा. आमच्याकडे एकवीस गिअर, सत्तावीस गिअर, मनगटावर ठोके मोजणारी घड्याळं. चढावर त्याला आमच्यापैकी कुणीही मागे टाकलेलं नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

मग हॉटेलात पातळ भाजी, पाव, मिरचीची भजी. पेपर उघडला की निधनवार्तांचं पान पहिलं. कुणी ओळखीचं निघालं तर दोन मिनिटं शांतता, मग चहा. आमच्यातला एकजण रोबेर मारशां नावाच्या फ्रेंच गृहस्थांचा भक्त आहे. त्यांनी २०१७ साली, वयाच्या १०५व्या वर्षी, बंदिस्त ट्रॅकवर एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. गोष्ट शंभर टक्के खरी. मात्र हा ती भज्यांची दुसरी प्लेट मागवताना सांगतो. आठच्या आत, रस्त्यावर बसगाड्यांची झुंबड व्हायच्या आधी, फर्मागुडीचा चढ चढून घरी. पुढे बाजार, नुस्तं (मासळी), बँकेतलं पासबुक, नातवाची शाळा.

आणि सव्वासहापर्यंत कुणी आला नाही तर त्याच्या घरी फोन जातो. नोकरीत असताना हजेरीच्या नावाने बोटं मोडणारी हीच माणसं. सुटल्यावर कुणीतरी आपली हजेरी घ्यावी असं त्यांना मनातून वाटतं. बाबांना सायकलपेक्षा हा फोन आधी मिळायला हवा. महिना-दोन महिने निवृत्ती सुट्टीसारखी वाटते, मग एका मंगळवारी माणूस अकरा वाजेपर्यंत पेपर वाचत बसतो आणि घरात उगाच चिडचिड सुरू होते. तुझ्या आईला विचार, तिला हे आत्ताच दिसत असेल.

वेळही बरी साधली आहे. आपल्याकडे मोसमी पाऊस साधारण पाच जूनच्या सुमाराला येतो. नवा सायकलस्वार पावसात उतरवणं म्हणजे दुखणं विकत घेणं. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आत वाळपईकडे त्याहूनही जास्त, आणि त्यातला बराचसा जून-जुलैतच. तेव्हा आमचाही निम्मा वेळ आभाळाकडे बघण्यातच जातो. पावसाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते रस्त्यावर जे उरतं त्याने. जांभ्या दगडाची लाल माती ब्रेकपॅडमध्ये अडकते आणि रिम खरवडते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या, रेल्वेचे रूळ ओले झाले की चाक घसरतं. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचे, तिरके कधीच नाहीत. फेरीबोटीच्या धक्क्याचा उतार ओहोटीला उघडा पडतो तेव्हा त्यावर शेवाळ असतं, तिथे उतरून चालत जायचं. एप्रिल-मेमध्ये काजूची बोंडं रस्त्यावर पडून चिरडतात, त्यांनीही भलेभले आडवे झालेत. बाबांनी पावसाळाभर गाडीच्या काचेतून हे सगळं बघितलं तर त्यांना ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

वाऱ्याची गंमत त्यांना जरूर सांग, बँकवाल्याला हिशेब आवडतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे ते हेच. दिवस वर आला की उलटं, खारे वारे. थंडीच्या दिवसांत फोंड्याहून पणजीला पहाटे निघालं तर वारा पाठीशी, आणि दुपारनंतर परतलं तर पुन्हा पाठीशी. उन्हामुळे आम्ही दुपारी परतत नाही आणि निम्मा फायदा सोडून देतो, ही गोष्ट वेगळी.

मे महिन्यातला उकाडा मात्र मस्करीत घेऊ नकोस. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, आणि वाळला नाही तर अंग निवत नाही. त्याच चढावर ठोके नेहमीपेक्षा वर जातात. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत बरं. बाबांना ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर मीठ किती चालेल ते डॉक्टरांना आधी विचार, कारण त्यातल्या काही गोळ्या लघवी वाढवतात आणि अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

आता गाडीकडे वळतो. बँकेत रोज जाणारी गाडी जूनपासून अंगणात उभी राहील. भर पावसात उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. (माणसाचंही तसंच, हे वाक्य बाबांपुढे चुकूनही काढू नकोस.) लोक सकाळी दारात पाच मिनिटं इंजिन सुरू करून ठेवतात आणि बॅटरी चार्ज झाली म्हणून समाधान मानतात. एवढ्या वेळात, स्टार्टरने जे खाल्लं तेही नीट भरून निघत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवायला हवी. रविवारची आमची फेरी त्यासाठी अगदी मापाची आहे. आठवडाभर उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, दमटपणाने तो अडकतो. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

तुमच्या अंगणात आंबा आहे, म्हणून एक गोष्ट तूच बघ. पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी, काळी जाळी असते. बॉनेट उघडून तिच्या दोन्ही टोकांना हात घाल. कुजलेली पानं, मोहोराचा चुरा, मातीचा काळा लगदा हाताला लागेल. पाणी वाहून जायची वाट तिथेच असते. ती तुंबली की पाणी आत उतरतं, पायाखालच्या कार्पेटखाली साठतं आणि जुलैमध्ये गाडीला ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागतो. लोक मग अत्तराच्या बाटल्या टांगतात. दारांच्या तळाला खालच्या कडेने बारीक भोकं असतात, तीही जुन्या टूथब्रशने मोकळी कर. पावसात उंदीर उबेला इंजिनात शिरतात आणि वायरी कुरतडतात. आमच्या एकाला त्यापायी वायरिंगचा अख्खा जुडगाच बदलावा लागला. गाडीखाली काही खायचं पडू देऊ नका आणि दर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून बघा.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात; २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षं उलटली की जाणकाराला दाखवावा, दहा वर्षांचा असेल तर नवाकोरा दिसला तरी काढावा. स्टेपनीचेही आकडे वाच, तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

सायकल गाडीत घालायची कला मी त्यांना शिकवीन. मागची सीट दुमडायची, जुनी चादर अंथरायची, पुढचं चाक काढायचं, साखळी आणि गिअरची बाजू वर करून सायकल आडवी ठेवायची. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर ब्रेकची मूठ दाबायची नाही; पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत आत जात नाही. मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवली की झालं. मागे लावायचा कॅरियर मला आवडत नाही, त्याने नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात आणि पोलिसांशी बोलणं वाढतं.

माझा अंदाज, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास ते स्वतःच विचारतील, ‘जरा बघू का चालवून?’ तेव्हाही दुकानात धावू नकोस. माझी जुनी सायकल आहे. पहिले दिवस अंगणात फक्त चढणं आणि उतरणं. साठीनंतर बरीच माणसं वेगात पडत नाहीत, थांबताना पडतात. पाय वरच्या दांड्यावरून पलीकडे जात नाही आणि सायकल अंगावर येते. म्हणून सायकल आपल्याकडे चांगली तिरकी करायची, दोन्ही ब्रेक दाबून धरायचे, मग पाय टाकायचा. हा दांडा खाली असलेली सायकल त्यांच्यासाठी सगळ्यांत सोयीची, पण ‘ही बायकांची’ म्हणतील. त्यावर वाद घालू नकोस, आमच्यातल्या दोघांकडे तशीच आहे, ती बघू देत. गुडघे खरंच कुरकुरत असतील तर बॅटरीवरचीही चालेल. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर नोंदणी लागत नाही.

आणखी एक, सायकलवाले सहसा सांगत नाहीत ते. नुसत्या सायकलने हाडं बळकट होत नाहीत. शरीराचा भार सीटवर असतो, पायांच्या हाडांवर फारसा पडत नाही. म्हणून संध्याकाळी चालणं, देवळाच्या पायऱ्या, थोडं वजन उचलणं हेही हवं. आईला बरोबर घेऊन गेले तर आणखी बरं. ती इतकी वर्षं एकटीच जाते आहे.

येत्या रविवारी, पाऊस लागायच्या आत, दिवाडी करायचा विचार आहे. जुन्या गोव्याहून फेरीबोट, बेट ओलांडून पलीकडची फेरीबोट, आणि नार्व्याचा सप्तकोटेश्वर. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार करवलेलं ते देऊळ बाबांनी नव्या डागडुजीनंतर पाहिलेलं नसेल. गाडीही फेरीबोटीत चढते. तेव्हा शनिवारपर्यंत एवढं कळव: मागची सीट पूर्ण दुमडते का, स्टेपनीवर कुठले चार आकडे आहेत, आणि बाबांना चहा बिनसाखरेचा लागतो का, कारण थर्मास एकच आहे.

तुझा,
काका

ता. क. हेल्मेट तेवढं आत्ताच घेतलंस तरी चालेल. बाबांच्या डोक्याचा घेर कपाळावरून टेप लावून मोज. कशासाठी म्हणून विचारलंच तर माझं नाव सांग.