बीएमआय ‘नॉर्मल’, तरी पाळी बंद

ताई,

तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलीने गणेश चवथीनंतर बारीक होण्यासाठी भात आणि पोई (आपला गोव्याचा पाव) सोडली, शाळेचा डबा भरलेलाच परत येतो, चार महिन्यांत वजन 49 वरून 42 किलोवर आलं आणि तीन महिने पाळी नाही. उंची 156 सेंटिमीटर, म्हणून ‘बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) नॉर्मल आहे’ असं सांगून टॉनिक दिलं गेलं. घरचे म्हणतात, भूक लागली की खाईल. ओरडू की गप्प बसू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. याच आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आजचा बीएमआय 17 च्या थोडा वर आहे, तो तिच्या वयाच्या मर्यादेत बसतो हे खरं. पण चवथीआधी तो 20 होता, म्हणजे या वयाच्या मुलींच्या अगदी मधोमध. तिला बारीक होण्याची काही गरजच नव्हती. आता शरीराचा सातवा हिस्सा गेलाय. अन्न कमी पडलं की मेंदू पाळी चालवणारी संप्रेरकं आवरती घेतो, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं भरायच्या वयातच ती भरायची थांबतात. टॉनिकने यातलं काहीच सुधारत नाही.

डॉक्टरांना पाळीचं आणि घटलेल्या वजनाचं आधी सांगा. झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब, हिमोग्लोबिन (12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय), पोटॅशियम, फॉस्फरस, थायरॉइड, ईसीजी एवढं बघायला हवं. पाळी थांबण्याची इतर कारणंही ते तपासतील. वजन घेताना तिला काट्याकडे पाठ करून उभं करा. घरातला काटा मात्र आजच उचलून ठेवा.

जेवण वाढायचं तुम्ही, आणि घरातलं कोणीतरी तिच्याबरोबर बसून जेवायचं. तीन जेवणं, मध्ये दोनदा खाणं. एकदम ताट भरू नका: बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने उतरतं आणि हृदयावर येतं. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. सकाळी तूप घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि अंडं, दुपारी भात, बांगड्याचं हुमण (आमटी) किंवा अळसांद्यांचं तोणाक (चवळीची रस्साभाजी), तांबडी भाजी (लाल माठ), संध्याकाळी पेरू आणि दूध. या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण 43 ग्रॅम प्रथिनं आणि 30 मिलिग्रॅम लोह लागतं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, लोहासाठी फार चांगल्या. भाजीतलं लोह अंगी लागायला जेवणात लिंबू पिळा. चहा, तिचा तो ग्रीन टीसुद्धा, जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवल्यावर घ्यायची. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मग मुली ती टाकून देतात.

‘फोटोत मांड्या जाड दिसतात’ असं ती म्हणाली की ‘छे, तू कुठे जाड’ म्हणू नका. त्याने वाद शरीराभोवतीच फिरत राहतो आणि दहा मिनिटांनी ती पुन्हा तेच विचारते. म्हणा, ‘तुला भीती वाटते हे दिसतंय मला. जेवण मात्र करायचंच, मी बसते तुझ्याबरोबर.’ वयात येताना मांड्या-नितंब भरतात, ते भरायलाच हवेत. हे मात्र ती शांत असेल तेव्हा सांगा. मावश्या-आत्यांना आधीच बजावा: ‘काय बारीक झालीस, छान दिसतेस’ हेसुद्धा बोलायचं नाही. जेवणानंतर तासभर तिला एकटं सोडू नका, उलटी काढण्याची किंवा लगेच चालायला पळण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

चक्कर येऊन पडली, जागेपणी शांत बसलेली असताना नाडी मिनिटाला 50 च्या खाली गेली, पाणीही नको म्हणाली किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलली, तर वेळ ठरवून भेटायची वाट बघू नका. 108 ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या. मनाच्या उपचारांसाठी बांबोळीलाच मनोविकार संस्था आहे. तोवर रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक, तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.