‘मी हुशार नाहीच आहे’ म्हणून ती रडली

प्रश्न: ताई, माझी मुलगी यंदा हायस्कूलला गेली. आत्तापर्यंत तिला अभ्यासाला बस म्हणून कधी सांगावंच लागलं नाही, एकदा वाचलं की झालं. आता तिला निवडक मुलांच्या तुकडीत घेतलंय, रोज चार-चार विषयांचं होमवर्क असतं आणि रात्रीचे साडेबारा वाजतात. परवा वही मिटून रडायला लागली, म्हणाली, "मी हुशार नाहीच आहे, तुम्हाला उगाच वाटतं." तिला साध्या तुकडीत घालू का? की थोडं कडक व्हायला पाहिजे?

उत्तर: कडक अजिबात होऊ नका, ती आधीच स्वतःशी खूप कडक वागतेय. तुकडीचंही लगेच ठरवू नका. मला त्या तासांपेक्षा तिच्या त्या एका वाक्याची जास्त काळजी वाटली. कसंय, ज्या मुलांना सगळं पटकन येतं त्यांना अडून बसायची, खोडून परत करायची सवयच लागलेली नसते, आणि मग पहिल्यांदा एखादं गणित तासभर सुटलं नाही की त्यांना वाटतं संपलं, आपली हुशारी खोटी होती. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये यावर प्रयोग छापले होते. पाचवीच्या मुलांनी कोडी सोडवली, मग काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. नंतर सगळ्यांना अवघड कोडी दिली, ती कुणालाच नीट आली नाहीत. त्यानंतर परत पहिल्यासारखीच सोपी दिली तेव्हा हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि मेहनतीचं कौतुक झालेली पुढे गेली. म्हणून घरात "तुला काय, दहा मिनिटांत होईल" हे प्रेमाने सुद्धा म्हणू नका. "आज कुठे अडलं?" एवढंच विचारा आणि ती सांगेल ते ऐकून घ्या, लगेच उपाय सांगायला जाऊ नका.

आता होमवर्कचं. एक आठवडा काही बदलू नका, फक्त एक छोटी वही करा. प्रत्येक काम सुरू करायच्या आधी तिने लिहायचं किती वेळ लागेल असं वाटतं, आणि झाल्यावर खरंच किती लागला ते. आपला सगळ्यांचाच अंदाज कमी निघतो. 1994 च्या एका अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आपला प्रबंध साधारण 34 दिवसांत होईल असं वाटत होतं आणि लागले 55 च्या वर, तेव्हा तिचा अंदाज चुकला तर तिला आळशी समजू नका.

ही वही बघताना वेळ कुठे जातोय ते नीट शोधा. माझा अनुभव असा की अशा मुलांचा निम्मा वेळ अवघड कामात जातच नाही, तो जातो सगळंच सुंदर करण्यात. एक शब्द खोडला म्हणून अख्खं पान परत लिहिणं, दोन मार्कांच्या उत्तराला दीड पान, ज्याला कुणी बघणारही नाही त्या तक्त्याला रंग. तिला आजवर प्रत्येक गोष्टीत शाबासकी मिळालीय ना, त्यामुळे कुठलं काम ‘ठीकठाक’ करून सोडून द्यायचं हे तिला कुणी शिकवलंच नाही. रोज बसायच्या आधी तिलाच ठरवू दे, आज जीव ओतायचा तो एकच विषय कुठला, बाकीचं स्वच्छ आणि पूर्ण असलं की बास. पहिले काही दिवस तिला हे फार जड जाईल, अपराधी वाटेल, तेव्हा जवळ बसा.

शिक्षकांशी पण बोला, तक्रार म्हणून नाही, वही घेऊन जा. या होमवर्कला किती वेळ लागावा असं तुम्हाला वाटतं, एवढं विचारलं की बऱ्याचदा कळतं की त्यांना अर्धा तास वाटत होता आणि पोरगी दोन तास बसलीय. एकाच प्रकारची वीस गणितं असतील तर सगळ्यात अवघड पाच आधी करू देतील का, ती नीट आली तर बाकीची माफ, असंही विचारा, हुशार मुलांना शिकवणारे बरेच शिक्षक असं करतात. हॅरिस कूपर या अमेरिकन संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर 2006 मध्ये होमवर्कवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, त्यात हायस्कूलच्या मुलांनाही रोज साधारण दोन तासांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही.

झोपेच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते, पण शाळेची वेळ काही सरकत नाही. म्हणून लाईट बंद करायची वेळ तिच्याशी बोलून पक्की करा, आणि त्या वेळेला राहिलेलं राहू द्या. वहीत तुम्ही दोन ओळी लिहून द्या की एवढा वेळ बसली होती, इतकं झालं. अपूर्ण होमवर्क घेऊन ती वर्गात गेली आणि काही आकाश कोसळलं नाही, हे तिने एकदा स्वतः बघणं फार गरजेचंय.

तुकडीचं दोन महिन्यांनी बघा, तेव्हा तिचंच मत आधी विचारा. विषय आवडतायत पण वेळ पुरत नाही, तर राहू दे, एखादा विषय कमी करता येतो का बघा. विषयांचीच भीती बसली असेल आणि झोप, जेवण, मैत्रिणी सगळं सुटत चाललं असेल तर खुशाल बदला, ती हरली असं घरात कुणी बोलायचं नाही. मधेच तिचं रडणं रोजचं झालं किंवा ती शाळेलाच जाईना, तर मात्र दोन महिने थांबू नका, शाळेच्या समुपदेशकांना लगेच भेटा.

हे पत्र तिलाही वाचायला द्या. बाळा, उद्या वर्गात एकच कर, जे अडलंय ते हात वर करून विचार.