माळ्यावर तीनशे, जाहिरातीत वीस

प्रश्न : काकू, आम्ही घरी आंबापोळी आणि कोकमाचं आगळ करतो. यंदा आंबापोळीची ३०० पाकिटं माळ्यावर आहेत. पुण्यात नोकरी करणारा भाचा व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकू म्हणतो : ‘फक्त २० पाकिटं शिल्लक, आज रात्री १२ पर्यंतच!’ सगळे असंच करतात म्हणे. मला जिवावर येतं, पण माल पावसात पडून राहील ही धास्तीही आहे. काय करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, भाच्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. थोडंच उरलंय म्हटलं की माणसाचा हात पुढे होतो. १९७५ साली अमेरिकेत याचा एक प्रयोग झाला होता. काहींसमोर १० बिस्किटांची बरणी ठेवली, काहींसमोर दोनच बिस्किटांची. बिस्किटं तीच. दोनवाल्यांना ती जास्त हवीशी वाटली, महागाचीही वाटली. चवीला मात्र कोणी जास्त गुण दिले नाहीत! मी त्या चवीपाशी अडते, कारण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते चवीसाठी.

आता माझीच फजिती सांगते. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला माझा छोटा स्टॉल होता. एका मे महिन्यात मीही पाटी लावली, ‘शेवटची १० पाकिटं’. पुण्याच्या एक बाई गाडी थांबवून घाईघाईनं चार घेऊन गेल्या. दोन दिवसांनी त्याच रस्त्यानं परतताना पुन्हा थांबल्या. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “काकू, अजून दहाच?” त्या दिवशी त्यांनी काही घेतलं नाही. मी पाटी उतरवली ती कायमची. (मागच्या खोलीत तेव्हा दीडशे होती, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.)

खरं तर आपल्याकडे खोटी टंचाई करायची गरजच काय? रायवळाचा रस ताटात ओतायचा, थर वाळला की त्यावर दुसरा, असं कडक ऊन असेल तेवढेच दिवस. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला. माझी अर्धी ताटं घरात पंख्याखाली गेली आणि पोळीला तो रंग काही आला नाही. ही अडचण गिऱ्हाइकाला ठाऊकच नसते. तेव्हा आहे तेच लिहा : ‘यंदा ३०० पाकिटं झाली. पुढची पुढच्या उन्हाळ्यात.’ विकली जातील तसा आकडा खाली आणा, पण खरा. एका घराला पाचच देणार असाल तर तेही लिहा, आणि मग आपल्या नणंदेलाही पाचच द्या.

भाच्याला कायद्याचंही सांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या युक्त्यांची यादी काढली. त्यात पहिलंच नाव खोट्या घाईचं. माल भरपूर असताना संपत आल्याचं भासवणं त्यातच मोडतं, आणि विक्रेतेही त्या नियमांत येतात.

राहिली पडून राहण्याची धास्ती. नीट वाळलेली पोळी हवाबंद डब्यात पावसाळा काढते. शंभरेक पाकिटं गणपतीसाठी बाजूला ठेवा. चाकरमानी परतीच्या गाडीत बसायच्या आदल्या दिवशी भेटवस्तू शोधत फिरतात, तेव्हा कुणाला जाहिरात लागत नाही. जुन्या गिऱ्हाइकांची नावं मात्र आत्ताच वहीत लिहून घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या. माझ्या वहीत अशी चाळीसेक घरं होती. त्यातली बरीचशी दरवर्षी आपणहून फोन करायची.

आगळाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. ते मिठातलं, त्याला कसलीच घाई नाही. बाटलीचं बूच तेवढं घट्ट लावा.