आई सारखी मालिका बघते, काय करू?

"मॅडम, आईला मालिकांचं व्यसन लागलंय." मी समुपदेशक, माझ्याकडे महिन्याला तीन-चार जण तरी हे वाक्य घेऊन येतात. कधी आई, कधी सासू, क्वचित वडील. (निवृत्त वडील मालिका बघतात हे सांगताना मुलांचा आवाज जरा खाली येतो, ही एक गंमत.) सगळ्यांना एकच हवं असतं, हे कमी कसं करायचं? म्हणून एकदा सविस्तर लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू चौसष्टच्या, कराडकडच्या. यजमान २०२० साली गेले, मग गावचं घर विकून मुलाकडे पुण्यात आल्या. संध्याकाळी साडेसहाला टीव्ही सुरू, साडेदहाला बंद. जाहिराती लागल्या की कुकर लावायचा, पोळ्या लाटायच्या. "बरं, काही चांगलं तरी बघावं! रोज तीच कारस्थानं. आणि कुणी एक वाक्य बोललं की प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा दाखवायचं," मुलगा वैतागून म्हणाला. एका महिन्यात त्याने सेट-टॉप बॉक्सचं रिचार्ज मुद्दाम केलं नव्हतं. परिणाम काय, तर घरात दोन दिवस अबोला.

पहिल्या दोन भेटींत काकू कोर्टात उभं केल्यासारख्या बसल्या होत्या. "वेळ जातो हो, एवढंच." मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेवरची. माणसाला सुधारायला न जाता नीट ऐकलं, तर त्याचं त्यालाच काही दिसू लागतं, यावर माझी श्रद्धा आहे. तिसऱ्या खेपेला 'किती तास' हा विषयच बाजूला ठेवला आणि विचारलं, "काल काय झालं मालिकेत?"

मी चेष्टा करतेय का, हे त्यांनी आधी निरखून पाहिलं. मग पंचवीस मिनिटं बोलत राहिल्या. कोण कुणाची जाऊ, बंगला कुणाच्या नावावर, मोठ्या काकांनी सही का केली. मला नाती लागेनात, म्हणून मी कागदावर वंशावळच काढली. काकूंनी त्यात दोन दुरुस्त्याही केल्या. सांगता सांगता त्या एका प्रसंगापाशी आल्या. धाकटी सून भर दिवाणखान्यात म्हणते, हे मला मान्य नाही.

"मग?"

"मग काय, दाखवली सगळ्यांची तोंडं. तीन-तीनदा." काकू हसल्या. "आमचा बाळू हसतो त्याला. पण मला तेच आवडतं."

"काय आवडतं त्यात?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मीही घाई केली नाही. "ती बोलली ना, की घरातला एकूण एक माणूस हातातलं टाकून तिच्याकडे बघतो."

त्या चेहऱ्यांना मीही कित्येक वर्षं हसत आले होते. धाडधाड संगीत, गर्रकन फिरणारा कॅमेरा. बाई बोलल्यावर घर थांबतं, असा त्याचा अर्थ माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. हे काकूंनी शिकवलं. पण प्रश्न मी बरोबर विचारला होता, एवढं श्रेय घेते.

येन आंग या माध्यमांच्या अभ्यासिकेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये 'डॅलस' या अमेरिकी मालिकेच्या प्रेक्षकांना पत्रं लिहायला सांगितलं होतं. बेचाळीस पत्रं आली. त्यांतून तिने काढलेला निष्कर्ष असा, की तेलसम्राटांची ती गोष्ट अतर्क्य असली, तरी त्यातल्या भावना बघणाऱ्याला खऱ्या वाटतात. आपल्याकडे १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा भागाच्या शेवटी बोलणाऱ्या अशोककुमारांना लोक घरच्या वडीलधाऱ्याला लिहावीत तशी पत्रं लिहीत. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून तीन हजारांहून जास्त भाग चालली. एवढ्या काळात शेजारी बदलतात, पण मालिकेतली माणसं रोज ठरल्या वेळेला हजर. संक्रांत आली की त्यांच्याकडेही हलव्याचे दागिने निघतात. शिवाय त्यांच्याबद्दल वाटेल ते बोला, कुणी दुखावत नाही. काकू रोज रात्री सांगलीच्या बहिणीशी "त्या बयेबद्दल" फोनवर बोलायच्या. त्यात स्वतःच्या घरातलंही बरंच निघून जायचं.

मुलाला मी एकच काम दिलं. आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेजारी बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. टीका करायची नाही. तीन आठवड्यांनी तो आला तो वेगळ्याच चेहऱ्याने. जाहिराती चालू असताना आई म्हणाली होती, "मला ते कराडचं घर विकायचं नव्हतं." तेवढ्यात मालिका पुन्हा सुरू झाली आणि आईने स्वतः आवाज बंद केला. चार वर्षांत तो विषय घरात निघाला नव्हता.

काकूंचा टीव्ही आजही लागतो. पूर्वीपेक्षा तासभर कमी असेल, मी मोजायला सांगितलेलं नाही.

काळजी कधी करायची, हेही सांगते. औषधाच्या वेळा चुकायला लागल्या, झोप तुटायला लागली, लग्नकार्याला जाणं टळायला लागलं किंवा पडद्यावरची कारस्थानं घरच्या सुनेत दिसायला लागली, तर जरूर या. नुसते तास जास्त होतात म्हणून रिमोट लपवू नका. तो पोरखेळ आहे आणि त्याने आईचं एकटेपण तेवढं वाढतं. आणि ज्या स्वतः बघतात त्यांनी "टाइमपास हो" म्हणून ओशाळं होऊ नये. कुठल्या प्रसंगाला डोळे भरून येतात, तेवढं मात्र लक्षात ठेवावं. माझ्याकडे आलात तर मी तेच विचारणार.

परवा पुन्हा एक फोन आला. सासूबाई दिवसाला पाच मालिका बघतात, काय करू? मी विचारलं, कुठल्या पाच? पलीकडून बराच वेळ काही उत्तर आलं नाही.