आल्प द्युएझ चढण्यापूर्वी

फ्रेंच आल्प्समध्ये आपण प्रथमच सायकल चालवणार असाल, तर मुक्काम आल्प द्युएझ या प्रसिद्ध घाटाच्या पायथ्याशी, बूर द्वाझां या गावी ठेवावा. परंतु पोहोचल्या दिवशीच आल्प द्युएझच्या वाटेला न जाता आधी १,३७१ मीटर उंचीच्या ऑर्नों खिंडीवर पाय मोकळे करावेत. आल्प द्युएझचा सुमारे १३.८ किलोमीटरांचा चढ सरासरी ८ टक्क्यांचा आहे, पण ही सरासरी फसवी आहे, कारण पहिल्या दोन किलोमीटरांतच रस्ता १० टक्क्यांच्या आसपास उभा राहतो आणि नवखा स्वार उत्साहाच्या भरात तेथेच दम घालवून बसतो. वळणांच्या पाट्या २१ पासून उलट्या क्रमाने येतात. १६व्या वळणापर्यंत सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने जावे. मागच्या चाकाला चढावर पायडल हलके करणारी ३२ किंवा ३४ दात्यांची मोठी चकती लावून घ्यावी, त्यात कमीपणा मुळीच नाही.

लोतारे खिंडीमार्गे २,६४२ मीटरांवरील गालिब्ये खिंड गाठताना बोगदे लागतात, म्हणून दिवे हवेतच. माथ्यावर जाकीट चढवूनच उतरणीला लागावे. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते, हे चढताना लक्षात राहते; उताराच्या वळणावर मात्र आपला भारतीय हात नकळत डावीकडे ओढ घेतो.